गणराजच्या नावावर चालणारं मशीन

गणराज माघात वारला आणि आश्विनापर्यंत चाकणच्या कंपनीत कामावर होता. ही भुताखेताची गोष्ट नाही. भुताला निदान एखादं झाड तरी लागतं; इथे एक बंद, थंडगार खोली होती आणि लोखंडी कपाटात गुरगुरणारं एक युनिक्स मशीन होतं, कंपनीचा मोठा संगणक. तुझ्यावर काय काय चालू आहे असं त्या मशीनला विचारलं की पडद्यावर ओळीमागून ओळ येई, आणि काम कुणाचं या रकान्यात दर ओळीला गणराजचं नाव असे. ते नाव रोज सकाळी पहिल्यांदा वाचायची ती त्याची बायको, पूनम.

गणराज पिंपळे गुरवच्या जुन्या गावकऱ्यांपैकी. शेतं गेली, त्यांवर सोसायट्या उभ्या राहिल्या, आणि शेतकऱ्याचा मुलगा संगणकात शिरला. पूनम लातूरकडची. दोघांची ओळखच मुळी एका क्लासमधल्या शेजारशेजारच्या खुर्च्यांवर झालेली, दोघंही एकाच कामातली. तो एका सकाळी दूध आणायला गेला, डेअरीच्या पायरीवर जरा टेकला, तो उठलाच नाही. त्याचं मशीन दुसऱ्या कुणाला नीट ठाऊक नव्हतं, म्हणून कंपनीने त्याची खुर्ची पूनमला देऊ केली आणि तिने ती घेतली. लोक म्हणाले, बाई मोठी धीराची. धीर कसला? तिला काही वाटतच नव्हतं. भाजीत मीठ आहे की नाही हे कळत नव्हतं. नातेवाईक गळ्यात पडून रडले तेव्हा ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जणू दुःख त्यांचंच होतं. आणि गणराज गेला, हे दोन शब्द तिच्या तोंडून एकदाही निघाले नव्हते. फोनवर कुणी त्याची चौकशी केली तर ती सांगायची, "ते सध्या नाहीयेत." म्हणजे जेवायला गेलेत, येतील.

तिला दोष तरी कसा द्यायचा? मशीन रोज सांगत होतं, गणराज चालू आहे.

आता हे नाव तिथे बसलं कसं, ते सांगायला हवं. चाकणच्या त्या कंपनीत गाड्यांचे सुटे भाग बनतात. माल भरलेला ट्रक गेटबाहेर पडायचा तर चलन लागतं, आणि ते चलन ज्या प्रणालीतून निघतं तिला उभं राहायला एक अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर लागतो. दुकानात माल मागे असतो, गिऱ्हाईक पुढे असतं आणि मधे काउंटरवर कुणीतरी उभं असतं, तसा हा काउंटरवरचा गडी. अशा गड्याला मशीनवर बसवताना एक नियम असतो: त्याला कुणा माणसाच्या नावाने बसवायचं नाही. त्यासाठी एक वेगळं, कामापुरतं नाव तयार करतात, जे कुणाचंच नसतं. माणसं येतात, जातात. काम अडायला नको.

पण गणराजने तो सर्व्हर बसवला तेव्हा दसऱ्याचा मुहूर्त ठरलेला होता आणि त्या कामापुरत्या नावाची मंजुरी मुंबईच्या ऑफिसातून आली नव्हती. आयटीचे साहेब जयदीप. माणूस वाईट नाही, पण मुहूर्ताच्या पुढे त्यांना काही दिसत नाही. ते म्हणाले, "गणराज भावा, तुझ्या नावाने चालू कर. आता नारळ फोडू, नाव नंतर बदलू." गणराजने स्वतःच्या नावाने बसवला. नंतर म्हणजे कधी, हे आपल्याकडे कुणी विचारत नाही. चालत्या मशीनला हात लावायची कुणाची छाती होत नाही. अशी वर्षं गेली.

या श्रावणात मुंबईहून तपासणीला एक तरुण आला. त्याने ती यादी पाहिली आणि सरळपणे विचारलं, "हे गणराज कोण? कर्मचाऱ्यांत तर यांचं नाव नाही." खोलीतले सगळे पूनमकडे बघायला लागले आणि मग लगेच दुसरीकडे. पूनम म्हणाली, "ते सध्या नाहीयेत." तो बिचारा अहवालात लिहून गेला. दसऱ्याच्या आत नवं मशीन आणायचं, त्यावर सर्व्हरची नवी आवृत्ती रीतसर बसवायची, आणि जुन्यावरचं ते नाव कायमचं बंद करायचं, असं ठरलं. काम अर्थातच पूनमचं. दिवस खंडेनवमीचा धरला, कारण त्या दिवशी कंपनीतल्या यंत्रांची पूजा असते, उत्पादन थांबतं आणि ट्रकही निवांत उभे असतात.

खंडेनवमीच्या सकाळी तिची सासू दुर्गाबाई डबा भरत होती. दुर्गाबाईने उभा जन्म शेतात काढलेला, संगणकाशी तिचा संबंध नाही. पण त्या नावाची भानगड तिला ठाऊक होती.

"आज त्याचं मशीन बंद करनार व्हय?"

"हो आई."

"मंग?"

"मग काय. नवीन चालू होईल."

दुर्गाबाईने डब्याचं झाकण दाबून बसवलं. "पोरी, एकदा रडून घे गं. आतल्या आत आंबून जाशील."

"बस येईल आई," पूनम म्हणाली आणि निघाली.

कंपनीत प्रेसची मशिनं धुऊनपुसून लख्ख केली होती, त्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, ऑइलच्या वासात उदबत्ती मिसळली होती. आयटीतली दिव्या सर्व्हरच्या खोलीत कपाटाला तोरण बांधत होती. या कंपनीची एक रीत आहे: मशीन ज्याने बसवलं त्यानेच हळदकुंकू वाहायचं आणि नारळ फोडायचा. दिव्याने ताट तर तयार केलं होतं, पण ते या वेळी कुणाच्या हातात द्यायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायचं धाडसही तिला होत नव्हतं. पूनमने ताटाकडे पाहिलं, आणि त्यातून तिला काहीही वाटलं नाही.

ती कामाला बसली. जागा पुरेशी आहे का, मेमरी किती, एका वेळी किती फाइली उघडता येतील, सर्व्हर कुठल्या पोर्टवर ऐकणार, मागच्या डेटाबेसशी त्याची गाठ कशी घालायची. एक झालं की दुसरं. बधिर माणसाला असं काम बरं पडतं, पुढची पायरी कोणती ते आधीच ठरलेलं असतं. जुन्या मशीनवर गणराजच्या नावाने शिरायचं, तिथली मांडणी बघायची, हव्या त्या फाइली नव्या मशीनवर न्यायच्या. फाइली आणायची सोय म्हणून नव्या मशीनवरही त्याचं नाव दोन दिवसांपुरतं उघडलेलं होतं. तिची बोटं सरावाने चालत होती. मुहूर्ताच्या बऱ्याच आधी सर्व्हर उभा राहिला. जयदीपसाहेबांनी चाचणीपुरतं एक खोटं चलन काढून बघितलं, ते निघालं. दिव्याने टाळ्या वाजवल्या.

शेवटची तपासणी म्हणून पूनमने नव्या मशीनला विचारलं, तुझ्यावर काय काय चालू आहे? ओळीमागून ओळ आली. काम कुणाचं या रकान्यात, दर ओळीला, गणराज.

तिला आधी बरं वाटलं. हे सांगायलाच हवं, कारण कित्येक महिन्यांत तिला वाटलेली ही पहिली गोष्ट. रस्त्यात ओळखीचा माणूस अचानक भेटावा तसं तिला बरं वाटलं. मग काय झालंय ते कळलं. जुन्या मशीनवरून नव्यावर उडी मारली की जुनं नाव आपोआप सोबत येतं. ती गणराज म्हणून आत शिरली होती आणि गणराज म्हणूनच सगळं बसवून मोकळी झाली होती. युनिक्समध्ये 'मी कोण' असं मशीनला विचारायची एक आज्ञा आहे. ऐकायला ती एखाद्या साधूची वाटते, पण रोजच्या वापरातली आहे. काहीही बसवण्याआधी ती विचारायची, हे तिला गणराजनेच शिकवलं होतं. आज तिने विचारलं नव्हतं.

जयदीपसाहेब खांद्यामागून वाचत होते. त्यांनी घड्याळ बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, आणि मवाळ आवाजात म्हणाले, "चालतंय ना? मग राहू दे पूनम. आता नारळ फोडू, नाव नंतर बदलू."

आपण हे पूर्वीही म्हणालो होतो हे साहेबांच्या ध्यानात आलं की नाही, कोण जाणे. पूनमला मात्र आठवलं. त्या दसऱ्याला गणराजने घरी येऊन साहेबांची हुबेहूब नक्कल केली होती, घड्याळ बघण्यासकट, आणि दुर्गाबाई हसता हसता खाली बसली होती.

राहू द्यायला काय हरकत होती? तपासणीवाल्याला पुढचं एक वर्ष सहज झुलवता आलं असतं. रोज सकाळी नाव दिसलं असतं. कुणी विचारलं असतं तर ते सध्या नाहीयेत, असं तिने सांगितलं असतं, आणि अशी वर्षंच्या वर्षं गेली असती. तिला ते हवं होतं. इतकं हवं होतं की त्या हवं असण्याचीच तिला भीती वाटली.

"नाही सर," ती म्हणाली. "काढते."

"सगळं? मुहूर्त टळेल गं."

"टळू दे."

त्या फाइलींचा मालक गणराज होता, आणि मालकाचं मालकानेच पुसायचं असतं. म्हणून तिने ते त्याच्याच नावाने पुसलं. मग ती बाहेर पडली, स्वतःच्या नावाने आत आली आणि तिथून, मुंबईहून आता मंजूर होऊन आलेल्या, त्या कुणाच्याच नसलेल्या नावात शिरली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी प्रत्येक पायरीला तिने विचारलं, मी कोण? उत्तर वाचल्याशिवाय पुढचं बटण दाबलं नाही. झेंडूच्या माळा मलूल झाल्या. साहेब दोनदा येऊन घड्याळ बघून परत गेले. दिव्याने चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

दुसऱ्यांदा यादी आली तेव्हा तिच्यात ते कोरडं, कुणाचंच नसलेलं नाव होतं. चलन निघालं.

आता जुनं मशीन. तिने सर्व्हर थांबवायची आज्ञा दिली. ओळी कमी होत गेल्या, एक शेवटपर्यंत रेंगाळली, मग तीही गेली. तिने विचारलं, गणराजचं काय चालू आहे? मशीनने काहीच उत्तर दिलं नाही, नुसता कर्सर लुकलुकत राहिला. तिने पुन्हा विचारलं. मग ते नाव कुलूपबंद केलं आणि उठली.

दिव्या ताट घेऊन अवघडून उभी होती. पूनमने तिच्या हातून ते घेतलं, नव्या मशीनच्या कपाटाला हळद लावली, कुंकू लावलं, आणि बाहेरच्या पायरीवर नारळ आपटला. तिने खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला, तो खवट होता. खवट आहे हे तिला कळलं.

ती घरी आली तेव्हा दुर्गाबाई उद्याच्या तोरणासाठी दारातच झेंडू ओवत बसली होती. माघापासून सुनेसमोर तिने एकदाही डोळ्याला पदर लावला नव्हता. आधी तिनं रडावं, मग मी, असं काहीसं तिने मनाशी धरलेलं असावं. तिने वर बघितलं.

"झालं काम?"

"आई," पूनम उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "गणराज गेला."

दुर्गाबाईने सुई झेंडूत टोचून ठेवली.

"व्हय पोरी," ती म्हणाली. "गेला."

पूनम रडायला लागली तेव्हा तिच्या पायात चपला तशाच होत्या.