काकासाहेबांचा न हलणारा रॅक

काकासाहेब साळुंके वाळूजच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. नोकरीभर त्यांनी लोकांना हेल्मेट घालायला लावले, शिडीवर पाय ठेवण्याआधी ती हलवून पाहायला लावली आणि मोकळ्या दिसणाऱ्या प्रत्येक भिंतीवर एक सुवचन टांगले. निवृत्त होऊन ते सिडकोतल्या घरी बसले, तेव्हा या विद्येचा उपयोग करायला एकट्या पत्नी मनकर्णाबाई उरल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात स्पष्ट केले, की कुकरजवळ उभे राहून सूचना देणाऱ्याला कुकरमधले काही मिळणार नाही. मग काकासाहेबांनी मासे पाळले. मासे सगळे ऐकून घेतात.

टाक्या दोन होत्या, एक मोठी आणि एक छोटी. मोठीत सोनेरी मासे, छोटीत शेपट्या हलवणारी बारकी जनता. सुरक्षिततेवर आयुष्य घालवलेल्या या माणसाने त्या कशावर ठेवाव्यात? टीव्हीच्या कपाटावर. भुसा दाबून केलेल्या फळीचे, वरून सागवानी कागद चिकटवलेले ते कपाट. वजनाचा हिशेब त्यांनी केला नाही. हिशेब कारखान्यात करायचा असतो. घर काय, आपलेच असते.

फळी रोज थोडे थोडे पाणी प्यायली आणि पुरीसारखी फुगली. एका दुपारी काकासाहेब आरामखुर्चीत पेपर वाचत असताना ती मधोमध खचली. मोठी टाकी सावकाश, जणू परवानगी मागत, पुढे झुकली आणि फरशीवर येऊन फुटली. छोटी मागे भिंतीला टेकून वाचली. काकासाहेब पेपरसकट उभे राहिले. मनकर्णाबाईंनी कणकेची परात आणून सोनेरी मासे त्यात घेतले. कोणाला लागले नाही, एवढे त्यांचे नशीब.

आवाज ऐकून कॉलनीतल्या बायका धावत आल्या. माशांकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही.

“अगं बाई, पाणी!” शेजारच्या सारजाबाई दारातच थबकल्या. “नळ येऊन अजून धड दोन दिस नाय झाले, अन् एवढं पाणी फरशीवर?”

“काय सांगू,” मनकर्णाबाई पदर खोचत म्हणाल्या. “साठवलेलं सगळं यांच्या माशांना, अन् माशांकडून फरशीला.”

आमच्या शहरात आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या नळाच्या दिवसावर लग्नाच्या तारखा ठरतात. तेव्हा त्या बायका बसल्या, हळहळल्या, दुखवट्याचा चहा पिऊन गेल्या. त्या गेल्यावर मनकर्णाबाईंनी निकाल दिला. मुलगी तनुजा मे महिन्यात माहेरी येणार होती, आणि तिची चिऊ नुकती रांगायला लागली होती.

“चिऊ यायच्या आत ते काचेचं संकट पक्कं करा. मी हात लावून बघणार. हललं, तर मासे हर्सूलच्या तलावात. सोडायला मी येते संगं, रिक्षाचं तुम्ही बघा.”

काकासाहेबांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच काम मिळाले. त्यांनी कागद पसरला. समोरून, बाजूने, वरून अशा आकृत्या काढल्या. आता त्यांना सगळे आठवू लागले : लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन, वर काच, वाळू आणि दगड वेगळे. मोठी टाकी वरच्या कप्प्यात, छोटी खालच्या. चारही पाय जमिनीपासून माथ्यापर्यंत सलग, म्हणजे भार पायांवर उतरेल, नुसत्या जोडावर लटकणार नाही. पाठीमागे तिरक्या पट्ट्या. हे ज्ञान कपाट खचण्याआधी कुठे गेले होते, असे विचारण्याइतके मनकर्णाबाईंचे मन छोटे नव्हते. त्यांनी दोनदाच विचारले.

वेल्डिंगला चिकलठाण्याचा बद्रीनाथ आला. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांचे स्टँड करण्यात त्याची हयात गेली होती. त्याने आकृती उलटसुलट धरून पाहिली.

“साहेब, मासे ठेवायचेत का हत्ती बांधायचाय?”

“हत्ती परवडला, बद्रीनाथ. हत्ती कधी उठून फिरतो तरी. हे वजन रात्रंदिवस एका जागी बसून राहणार.”

“मंग मेहुणा म्हना की!”

स्वयंपाकघरातून भांडे आपटल्याचा आवाज आला. मनकर्णाबाईंचा भाऊ रामकिसन गेल्या वर्षी दोन दिवसांसाठी येऊन महिनाभर राहिला होता.

चौकोनी लोखंडी पाइपचा रॅक उभा राहिला. त्याला आधी गंजरोधक लाल रंग, मग काळा. पायांखाली पत्र्याच्या चकत्या, म्हणजे फरशी फुटू नये. पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन टोकांना धरून काकासाहेबांनी पातळी तपासली आणि बद्रीनाथला एक पाय पुन्हा कापायला लावला. कप्प्यांवर जाड प्लायवूड, त्यावर थर्मोकोल, कारण काचेला खालचा बारीक खडासुद्धा सोसत नाही. माथा भिंतीला बोल्टने आवळला. टाकीच्या दिव्यासाठीची वायर खाली झोल देऊन वर नेली, म्हणजे ओघळलेला थेंब झोलावरून खाली पडावा, बटणाकडे चढू नये. बद्रीनाथ जाताना रॅकला रामराम करून गेला.

पण सेफ्टी ऑफिसरचे समाधान चाचणीशिवाय होत नाही. मासे सोडण्याआधी नवी मोठी आणि जुनी छोटी अशा दोन्ही टाक्या पाण्याने भरून आठवडाभर नुसत्या ठेवायच्या, असे त्यांनी जाहीर केले.

“रॅकला पाणी?” मनकर्णाबाईंनी कानावर हात ठेवला. “हितं माणसाला प्यायला पुरंना. नळ लांबलाय, ऐकलं नाय का?”

त्याच आठवड्यात रामकिसनने गंगापूरहून वर्षाची ज्वारी आणि गहू टेम्पोने पाठवून दिले. पोती हॉलमध्ये उतरली आणि काकासाहेबांचे डोळे चमकले. पाणी नाही तर नाही, वजन तर घरी चालत आले होते. टाक्यांपेक्षाही जास्त भरतील इतकी पोती त्यांनी दोन्ही कप्प्यांवर चढवली, आडव्या पाइपखाली दोरा ताणून बांधला आणि रोज सकाळी चष्मा लावून तो तपासला. पाइप केसभरही वाकला नाही. काकासाहेब धन्य झाले.

मनकर्णाबाईही धन्य झाल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांचे धान्य जमिनीपासून वर होते. ओल नाही, उंदीर नाही, खालून केरसुणी फिरते. त्यांनी पोत्यांत कडुलिंबाचा पाला घातला. पाला घातला म्हणजे कब्जा घेतला, हे काकासाहेबांच्या लक्षात यायला नळाचा दिवस उजाडावा लागला.

“अगं, पोती काढूया. टाक्या ठेवतो.”

“कशाला? चांगली बसलीत की.”

“अगं, तो माशांचा रॅक आहे!”

“मासे खाऊन वर्ष काढायचंय का?”

या माळकरी घरात मासे खाण्याची गोष्ट निघाली, म्हणजे वाद किती पेटला असेल पाहा. शेवटी वरचा कप्पा काकासाहेबांना सुटला. नवी मोठी टाकी तिथे बसली, परातीतून बादलीत गेलेले सोनेरी मासे आपल्या घरी आले. खालचा कप्पा मात्र ज्वारीकडेच राहिला. छोटी टाकी बारक्या जनतेसकट कोपऱ्यातल्या टेबलावर पडून होती. तनुजा आली की तिच्याकडे दाद मागायची, असे काकासाहेबांनी ठरवले.

तनुजा आली. चिऊला खाली सोडले, तशी ती हातातल्या स्टीलच्या वाटीसकट थेट रॅककडे रांगत गेली. खालच्या कप्प्यासमोर बसली आणि तिने वाटी उचलून सगळ्या ताकदीनिशी हाणली. ज्वारीच्या पोत्यावर. धप्. तिला फार आवडले. धप्, धप्, धप्.

काकासाहेब खाली वाकून पाहू लागले. त्या जागी छोट्या टाकीची काच असायची होती. समोरून, बाजूने, वरून, सगळ्या आकृत्या त्यांनी उभ्या माणसाच्या उंचीवरून काढल्या होत्या. रांगणाऱ्या माणसाची उंची कुठल्याच कागदावर नव्हती, आणि हा सगळा खटाटोप त्याच माणसासाठी होता.

मनकर्णाबाई गोड आवाजात म्हणाल्या, “काढू का पोतं? छोटी टाकी ठेवायची हाय ना तुमाला?”

काकासाहेबांना एकाएकी खोकला आला.

चिऊने वाटी टाकली, पुढचा पाइप दोन्ही मुठींत धरला आणि त्याला लोंबकळत उभी राहिली. मग साऱ्या अंगाने तो गदागदा हलवला. वर पाणी थरथरलेही नाही. मनकर्णाबाई पुढे आल्या. त्यांनी एका हाताने नातीला धरले, दुसरा हात पाइपवर ठेवून जोर लावला. एकदा. पुन्हा एकदा.

“हलत नाय,” त्या म्हणाल्या, आणि पोळ्या लाटायला आत गेल्या.

कारखान्याच्या मालकाने दिलेल्या सगळ्या प्रशस्तिपत्रांपेक्षा काकासाहेबांना हे दोन शब्द जड वाटले. हर्सूलची रिक्षा रद्द झाली.

छोटी टाकी बारक्या जनतेसकट बद्रीनाथच्या दुकानात गेली. तिथे ती एका डुगडुगत्या स्टुलावर आहे. काकासाहेब तपासणीला अधूनमधून जातात आणि बद्रीनाथ त्यांना चहा पाजून वाटेला लावतो.

घरी पाहुणे आले की काकासाहेब रॅकसमोर उभे राहतात. “खाली धान्य, वर पाणी. तळाला वजन असलं की रॅक लवंडत नाही, आणि काच पोरांच्या हाताला लागत नाही. पहिल्यापासून तसंच डिझाइन होतं माझं.”

आत डब्याचे झाकण जरा जोरातच लागते.