रकान्यातलं माहेरचं नाव

आमच्या घरात आता दर आठवड्याला शब्दकोड्याचा अंक येतो. नातू आणि नातसून जेवणं झाली की चौकटी भरत बसतात. आडवे शब्द, उभे शब्द, आणि सगळे जमले की त्यातून शेवटी एक लपलेला शब्द काढायचा. अडलं की मला विचारतात. मी म्हणते, मला काय कळतंय त्यातलं, आणि उठून आत जाते. त्यांना वाटतं म्हातारी अडाणी. वाटू दे. महाराजांच्या राज्यात, मी बारा वर्षांची असताना, त्या वेळच्या साप्ताहिकातली कोडी मी आणि माझ्या वहिनीनं मिळून सात-आठ महिने सोडवली आहेत. त्यातला एकच आठवडा चुकला. त्याची हकिकत मी आजवर कुणाला सांगितली नाही, कारण तिच्यात मी वाईट दिसते.

आम्ही मंगळवार पेठेत राहायचो. आबा म्हणजे माझे वडील, आई, मी आणि माझा थोरला भाऊ. त्याला मी दादा म्हणायची. दादा मराठी सहावी शिकून पलटणीत लागला होता. त्याला वाचायचं वेड. शेंगांची पुडी सोडली तरी आधी कागद वाचायचा, मग शेंगा खायचा. त्याचं लग्न गडहिंग्लजकडची मुलगी बघून झालं. माझी वैनी माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आली तेव्हा तिला अ की ठ येत नव्हतं. दादा रजेवर आला की चुलीपुढं बसून तिला अक्षरं शिकवायचा, आणि ती अक्षरं पक्की व्हावीत म्हणून साप्ताहिकातलं कोडं पुढं टाकायचा. आई फणकारायची, ‘बायकूला बालिष्टर करतोस व्हय रं?’ तो नुसता हसायचा.

मग लढाई लागली आणि दादाची पलटण बसऱ्याला निघाली. जाण्याआधी त्यानं साप्ताहिकाच्या दोन वर्गण्या भरल्या. एक अंक घरी, एक त्याच्या पलटणीच्या पत्त्यावर. आबांना म्हणाला, ‘लढाईच्या बातम्या येत्यात, पोरगी वाचून दावंल तुमाला.’ आबांना ते पटलं. खरं कारण वेगळं होतं आणि ते वैनीनं मला पुढं सांगितलं.

त्या काळी सुनेनं नवऱ्याला पत्र लिहायचं नाही. लिहिलं तर घराची अब्रू गेलीच म्हणून समजा. पत्र आबा सांगायचे आणि शाळेतले मास्तर लिहायचे. ‘घरची सर्व मंडळी खुशाल. म्हैस व्याली, रेडी झाली.’ म्हशीची खबर पत्रात जायची, वैनीची नाही. ती ‘सर्व मंडळी’त. दादाला हे ठाऊक होतं. म्हणून निघताना त्यानं तिला सांगून ठेवलं होतं की कोडं सोडवून धाडत जा. बरोबर उत्तर धाडणाऱ्यांची नावं त्या अंकात एका रकान्यात छापून यायची. घरात बोभाटा नको म्हणून माहेरचं नाव घालायचं, गाव गडहिंग्लज. ‘अंक आला की तुझं नाव बघीन. दिसलं की समजीन, हाय माझी बायकू धडधाकट.’ एवढाच त्यांचा पत्रव्यवहार. ती त्याच्यावर जगत होती, ह्यात कणभर खोटं नाही.

कोडं असं असायचं. पाच-सहा ओळी, प्रत्येक ओळीत एक हुमाण, प्रत्येकाचं उत्तर एका शब्दात. उत्तरं एकाखाली एक मांडली की पहिल्या अक्षरांचा वरून खाली एक शब्द तयार व्हायचा. तो लपलेला शब्द. उत्तरं आणि तो शब्द, दोन्ही पोस्टकार्डावर लिहून धाडायचं. शब्द नसला तर उत्तर अपुरं. घरगुती हुमाणं वैनीची. ‘दिवसभर कोपऱ्यात निजतं, कामाला उभं राहतं, धान्याच्या डोक्यात बसतं’ असं वाचलं की ती पीठ मळता मळता म्हणायची, ‘मुसळ. ह्यात काय अवघड?’ नद्या, डोंगर, पुराणातली माणसं ही माझी, कारण मी मुलींच्या शाळेत जात होते. मी अंक आबांना वाचून दाखवायची, मग तो आत आणायची. कार्ड आणायचं आणि पेटीत टाकायचं कामही माझं. लिहायची ती. अक्षर मोठं, वाकडं, पण एकेक अक्षर देवाला फूल वाहावं तसं जपून ठेवायची.

पहिल्यांदा तिचं नाव छापून आलं त्या दिवशी तिनं माझ्या केसांना तेल लावून वेणी घातली आणि गूळ-शेंगदाणे हातावर ठेवले. तो अंक तिनं उतरंडीच्या मागं ठेवला होता. काही ना काही काढायच्या निमित्तानं जायची आणि बघून यायची.

सुरुवातीला मलाही गंमत वाटली. मग हळूहळू पोटात दुखायला लागलं. निम्मी उत्तरं माझी, पळापळ माझी, आणि नाव दर खेपेला तिचं. मी एकदा म्हटलं, ‘वैनी, माजं बी नाव घाल की.’ ती म्हणाली, ‘पुढल्या बारीला घालू, वन्सं.’ पुढल्या बारीलाही तिनं आपलंच घातलं. तिचं बरोबर होतं. दोन नावं घातली आणि त्यांनी एकच छापलं, तेही माझं, तर? पण हे आज कळतं. तेव्हा मी गाल फुगवून बसले.

त्याच सुमारास पेठेत उंदीर पडायला लागले. प्लेगाची साथ म्हटलं की लोक घराला कुलूप लावून गावाबाहेर माळावर झोपड्या घालायचे. आम्हीही गेलो. आणि तिथंच आबांना दादाचं पत्र आलं. ताप येतोय, दवाखान्यात ठेवलंय, काळजी नसावी. आईनं देव पाण्यात ठेवले. वैनीनं काहीच केलं नाही. तिला करायची मुभाच नव्हती. सासू-सासऱ्यांपुढं नवऱ्यासाठी रडणं म्हणजे निलाजरेपणा. ती भाकऱ्या थापत राहिली आणि त्या आठवड्यात तिच्या भाकऱ्या करपल्या, म्हणून आईची बोलणी खाल्ली.

दोन दिवसांनी अंक आला. कोडं चार ओळींचं होतं, सोपं. आम्ही झोपडीमागं सरपणाच्या आडोशाला बसलो होतो. वैनीनं तीन सांगितली, मी एक. पाटीवर एकाखाली एक लिहिली आणि वरून खाली वाचलं. माझ्या दादाचं नाव.

तसं ते देवाचं नाव. हजार घरांत असतं. पण बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे आमच्याकडं दुधाबरोबर पाजलं जायचं. वैनी तर त्यात फार कडक. आरतीत ते नाव आलं की ओठ मिटून घ्यायची आणि पुढच्या शब्दाला परत सुरू व्हायची. आता नवरा परमुलखात तापानं पडलेला, आणि हे नाव आपल्या हातानं लिहा. तिनं पाटी पुसली. नुसती नाही, पदर ओला करून पुसली. मग कार्ड घेतलं आणि चारही उत्तरं उलटसुलट क्रमानं लिहिली, म्हणजे चुकूनसुद्धा ते नाव वरून खाली उभं राहू नये. खाली लिहिलं, ‘शेवटचा शब्द सापडला आहे. मला लिहिता येत नाही.’ आणि त्याच्याखाली एका शब्दाची जागा मोकळी सोडली.

मग माझ्याकडं वळून म्हणाली, ‘वन्सं, तेवढं तुमी लिवा. तुमचा भाऊ हाय त्यो. तुमाला दोष न्हाय.’

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, ‘नाव तुजं छापायचं आणि लिवायचं मी व्हय? तुजं तू बघ.’

ती दुसऱ्यांदा म्हणाली नाही. तिचा स्वभावच तसा, एकदा मागायची. कार्ड माझ्या हातात दिलं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी ते घेऊन निघाले. दप्तरात शिसपेन्सिल होती. पेटीपाशी मी थांबले, कार्ड वाचलं, मोकळी जागा बघितली. चार अक्षरं लिहायला किती वेळ लागतो? पण मनात म्हटलं, बघू दे तिला एकदा, माझ्यावाचून कसं जमतंय. आणि कार्ड तसंच टाकलं. संध्याकाळी तिनं विचारलं, ‘टाकलासा?’ मी म्हटलं, ‘टाकलं.’ तिला वाटलं मी लिहिलं असणार. तिनं मला साय घातलेला भात वाढला.

पुढच्या अंकात नावं आली. तिचं नव्हतं. ती रकाना वरून खाली, खालून वर वाचत होती, बोट ठेवून. मग अंक मिटला. मला काही बोलली नाही. त्याच अंकात पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात होतं, मंगळवार पेठेत प्लेगाचा जोर, माणसं दगावताहेत. ती बातमी आबांना मीच वाचून दाखवली होती, आणि हाच अंक बसऱ्यालाही जातो हे त्या वेळी माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. पुढच्या कोड्याला वैनीनं जीव ओतला. मीही मुकाट्यानं मदत केली. नाव छापून आलं, त्याच्या पुढच्या आठवड्यालाही आलं. आमचं भांडण मिटलं, साथही ओसरली. आम्ही पेठेत परतलो, आणि दादा गेल्याचा सरकारी कागद आला. ताप. दवाखान्यात गेला.

वैनीचं कुंकू गेलं, बांगड्या गेल्या. सतरा वर्षांची बाई कोपऱ्यात बसली. अंक येत राहिला, कारण वर्गणी संपली नव्हती. तो कुणी उघडत नव्हतं.

पाच-सहा महिन्यांनी एक पावणा आला. दादाच्या पलटणीतला, शेजारच्या खाटेवर असलेला, एक पाय अधू होऊन परतलेला. आबांनी त्याला सोप्यात बसवलं. आई उंबऱ्याशी, मी खांबाला टेकून, वैनी दाराआड. त्यानं चहाला हात लावला नाही. आबांचे पाय धरून म्हणाला, ‘आबा, देवानं लई वंगाळ केलं तुमचं. सून बी न्हेली आणि ल्योक बी न्हेला.’

आबा म्हणाले, ‘सून कुठं गेली? सून घरात हाय की, पावणं.’

त्या माणसाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तो म्हणाला, ‘मग तिचं नाव का न्हाय आलं?’

आणि मग त्यानं सांगितलं. दादा ताप असला तरी अंकाची वाट बघायचा, आला की पहिला तो रकाना उघडायचा, नाव दिसलं की सगळ्या खाटांना दाखवायचा. तो अंक आला, त्यात नाव नव्हतं, आणि पहिल्या पानावर पेठेतल्या प्लेगाची बातमी होती. तो दिवसभर रकाना चाळत होता. म्हणाला, ती चुकायची न्हाय, ती गेली. घरनं पत्र आलं तर त्यात ‘सर्व मंडळी खुशाल’. म्हणाला, आबा माझ्यापासून लपवत्यात. मग औषध घेईना, पेज घेईना, भिंतीकडं तोंड करून पडला. चौथ्या दिवशी गेला.

आबांना काहीच समजेना. कसला रकाना, कसलं नाव. आणि दाराआडून वैनी बाहेर आली. विधवा सून, परक्या पुरुषासमोर. आईनं हात धरला तो तिनं सोडवला. म्हणाली, ‘भाऊ, मी जित्ती हाय. म्होरल्या अंकात नाव आलंतं माजं. पोचला न्हाय का त्यो?’

तो मान खाली घालून म्हणाला, ‘पोचला, वैनी. दोन अंक एकदम आलं. पर त्येला माती दिऊन आठ दिस झालतं.’

ती आत गेली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मी खांब धरून उभी राहिले. मी भित्री होते. अजून आहे.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर धुणं आपटताना आम्ही दोघीच होतो. मी रडत रडत सगळं सांगितलं. दप्तरात पेन्सिल होती तेसुद्धा. ती हातातलं लुगडं पिळत होती, ते पूर्ण पिळून होईपर्यंत थांबली नाही. मला वाटलं आता कानाखाली देईल. दिली असती तर बरं झालं असतं. तिनं लुगडं झटकलं, दगडावर ठेवलं आणि म्हणाली, ‘मला ठावं हाय, वन्सं. नाव न्हाय आलं तवाच कळलंतं. तुमी ल्हान होता. जाऊ द्या.’

त्यानंतर ती चाळीस वर्षं आमच्याच घरात राहिली, माझी बाळंतपणं तिनंच केली, आणि त्या गोष्टीचा शब्दही तिनं काढला नाही. लोक म्हणायचे, काय गुणाची भावजय मिळाली. मिळाली खरी. पण ती त्या दिवशी एक खोटं बोलली, माझ्यासाठी. मी लहान नव्हते. बारा वर्षांची होते, आणि मला माझ्या भावाचं नाव लिहिता येत होतं.