नायदाच्या नावाची चौकशी

नायदाला भेटलात तर आधी नाव सांगावं लागेल, आणि तेवढ्यावर सुटका नाही. कुणी ठेवलं, का ठेवलं, आजीचं असेल तर आजीला कुणी दिलं, सगळं ओकावं लागेल. बोरोव-दोल गावच्या शाळेत ती जन्मभर स्वयंपाकीण होती. नवीन पोर वाडगा घेऊन पुढे आलं की हिचा डाव हवेतच. "नाव कुणाचं रे तुझं?" मागे रांग खोळंबलेली, सूप गार. हेडमास्तर कपाळाला हात लावायचे. पण बाईच्या हाताला चवच अशी, की बोलणार कोण?

शेजारची मैत्रीण झाप्रियाना. घरात मुलींवर मुली झाल्या, तेव्हा बापाने वैतागून हे नाव ठेवलं, म्हणजे 'बास, आता थांब'.

"मग थांबलं का काही?" नायदा मुद्दाम विचारायची.

"कसलं थांबतंय! माझ्या पाठीवर आणखी दोघी," झाप्रियाना म्हणायची. "बापाचं घरात कुणी ऐकलंय कधी?"

दुसरा दोस्त वल्को, म्हणजे लांडगा. आधीची भावंडं तापाने गेली म्हणून याला असं नाव, की दुखण्याने नुसतं ऐकूनच शेपूट घालावं. आता आमचा हा लांडगा बदकांना बघून रस्ता बदलतो, ते सोडा.

आणि नायदा म्हणजे सापडलेली. त्यातही कुणाला नवल नव्हतं. ज्या घरी मुलं जगत नाहीत त्या घरची आई नवं बाळ पहाटे रस्त्यात ठेवते आणि स्वतः झुडपाआड लपते. पहिला येणारा वाटसरू बाळ उचलतो, नाव ठेवतो आणि आईच्या हाती परत देतो. मरणाची फसगत व्हावी, हे पोर या घरचं नव्हेच असं त्याला वाटावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. तो वाटसरू मग जन्माचा सोयरा. नायदाला रस्त्यातून उचलणारी, म्हणजे तिची धर्मआई, होती केरा, डोंगरापलीकडच्या गावची. हे सगळं नायदाला लहानपणापासून पाठ होतं. फक्त आईपुढे, त्रेंदाफिलापुढे, विषय काढला की ती लगबगीने कोंबड्यांना दाणे टाकायला उठायची. कोंबड्या नुसत्या लठ्ठ झाल्या होत्या.

यंदाच्या थंडीत त्रेंदाफिला गेली. माती देऊन मंडळी जेवायला बसली, राकियाचे पेले फिरले, आणि वल्कोला चढली. "काय बाई होती!" तो डोळे पुसत म्हणाला. "पोटचं एक जगलं नाही, पण माया बघा!"

झाप्रियानाने त्याला कोपराने असं ढोसलं की पेला सांडला. नायदाने वल्कोचं बोलणंही ऐकलं आणि कोपरही पाहिलं.

"पोटचं जगलं नाही? मग मी कोण?"

"अगं, दारू बोलतेय त्याची," झाप्रियाना म्हणाली. "तू गहू वाढ बघू."

मयताच्या जेवणातले उकडलेले गोड गहू नायदाने वाढले, पण डोक्यात तेच घोळत होतं. गावभरच्या नावांची खोदून खोदून चौकशी केली आणि आपल्याच नावापाशी आपण आंधळे राहिलो? आपण आईच्या पोटच्या, की खरंच कुणीतरी टाकलेल्या? लाज वाटली, रागही आला. आई होती तोवर विचारायची छाती झाली नाही. आता उत्तर एकाच माणसापाशी होतं. बर्फ वितळून रस्ते मोकळे होताच ती बस धरून केराकडे गेली.

केरा चुलीपाशी लोकर पिंजत बसली होती. म्हातारी झाली होती, पण कान अजून शाबूत.

"धर्मआई, खरं सांग. मी सापडले तेव्हा माझी आई झुडपात होती का?"

केराचे हात थांबले. "गेली ना ती? मग सांगते. कुणी नव्हतं गं झुडपात. मी रीतीप्रमाणे तुला उचललं आणि म्हटलं, या बाई बाहेर, सापडलं तुमचं. कुणी येईना. हाका मारमारून घसा बसला. तू तर रडून निळी पडलेली. शेवटी कडेवर घेतलं आणि तुमच्या गावात शिरले. दारोदार ओरडत गेले, कुणाचं आहे हो हे, कुणाचं? लोक दार उघडायचे, बघायचे आणि मान हलवायचे."

"आणि आई?"

"ती धावत आली. चार दिवसांपूर्वी तिने आपलं बाळ पुरलं होतं, सगळ्या गल्लीला माहीत. पोलक्यावर दुधाचे डाग. तुला माझ्या हातातून हिसकावलं आणि माझ्यावरच खेकसली, 'एवढा उशीर करतात का? मघाशी ठेवलंय मी तिला रस्त्यात! भुकेली आहे पोर!' मी थक्क. शेजारणी बघत उभ्या. एकीनेही तिला खोटं पाडलं नाही. उलट एक म्हणाली, 'हो हो, हिचंच आहे, ठेव नाव.' म्हणून नायदा."

"म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक होतं?"

"सगळ्या गावाला. तुझ्याएवढ्यांना त्यांच्या आयांनी सांगितलं असेल. तुझ्यासारखी चोंबडी गावात असताना साठ वर्षं गप्प बसले, सोपं आहे का ते?" केरा हसली, मग गंभीर झाली. "आता विचारशीलच, तुला तिथे कुणी ठेवलं. मला माहीत नाही, बाई. देवाशप्पथ नाही."

नायदाने चुलीत एक लाकूड सारलं. मग तिने विचारलं, "ती धावत आली म्हणालीस. पायात काही होतं का तिच्या?"

"नव्हतं. घरातून तशीच निघालेली. रस्त्यात बर्फ कडक झालेला."

"लागलं का गं तिला?"

"लागलं ना. टाच फाटली होती. मी म्हटलं, रक्त येतंय बघा. तिने ऐकलंच नाही, ती तुला पाजत होती."

आईला माती दिली तेव्हाही नायदा रडली नव्हती. आता तिने केराच्या मांडीवरच्या लोकरीत तोंड खुपसलं आणि "आई गं, आई गं" म्हणत ती मोठमोठ्याने रडू लागली.