मोठ्या आईच्या प्रचारातला माझा आवाज

"तिले बोलता येते का?"

"येते न. पण बोलत नाही. आपल्याले तशीच पाहिजे."

हे माझ्याबद्दल चाललं होतं आणि मी त्यांच्यापासून दोन हातांवर ओसरीत बसले होते. माझ्या कानांवर हेडफोन होते. हेडफोन लावलेल्या माणसाला लोक भिंत समजतात. त्यात बहुतेक वेळा काहीच वाजत नसतं, हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही. एकांत हवा म्हणून दार लावलं तर लोक दार वाजवतात. हेडफोन अजून तरी कोणी वाजवलेला नाही.

प्रश्न विचारणारा माणूस तुमसरहून आलेला डिजिटल प्रचारवाला होता. आधी तो लग्नांचे व्हिडिओ करायचा, मग नेत्यांचे करायला लागला. त्याला फारसं नवं शिकावं लागलं नसणार. दोन्हीकडे गळ्यात जड हार, संथ चाल, मागून गुलाबी धूर आणि पुढे काय होणार याची मुख्य पात्राला काहीही कल्पना नाही. उत्तर देणारे माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. आमचं घर एक, चुली दोन, आणि ओसरी सार्वजनिक मालकीची.

मोठे बाबा सरपंचपदाला उभे राहणार, हे गावात इतकी वर्षं ठरलेलं होतं की न उभं राहताही त्यांना अर्धा मान मिळत होता. मग आरक्षणाची सोडत निघाली आणि पद महिलेसाठी राखीव झालं. दोन दिवस ते पानठेल्याकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांची बायको, माझी मोठी आई, उभी राहिली. म्हणजे तिला उभं केलं. ती तेव्हा अंगणात धान वाळवत होती, त्यामुळे तशीही उभीच होती.

चौकात बॅनर लागला. त्यात वरच्या ओळीत मोठमोठ्या पुढाऱ्यांची मुंडकी, मधोमध गॉगल लावलेले मोठे बाबा, त्यांच्यामागे एक डोंगर. तो डोंगर आमच्या जिल्ह्यातला नाही. त्यावर बर्फ होता. खाली डाव्या कोपऱ्यात पासपोर्टच्या फोटोएवढी मोठी आई, डोक्यावर पदर, हात जोडलेले. बॅनर फाडू नका एवढीच तिची मतदारांना विनंती असावी असं वाटायचं. शेजारी निशाणी, छताचा पंखा. तो तिच्यापेक्षा मोठा होता.

बॅनरवर बाई चालते, पण ऑटोवर भोंगा लावला की बाईचा आवाज लागतो. तिथे अडचण आली. मोठ्या आईला आवाज नाही असं नव्हे. रोवणीच्या दिवसांत, चिखलात भात लावताना, तिने हाक मारली की चार बांध्यांपलीकडच्या, चार खाचरांपलीकडच्या बाया पाठ सरळ करतात. पण तो आवाज डिजिटलवाल्याला पसंत नव्हता. "गावठी वाटते भाऊजी," तो म्हणाला. गावातल्या निवडणुकीत, गावातल्या मतदारांना, गावातली उमेदवार गावठी वाटेल, ही काळजी त्याला खरोखरच होती.

म्हणून मी. मी इंग्रजी शाळेत शिकले. त्या शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे, आणि घरी येऊन इंग्रजी बोललं की चुलत भावंडं हसायची. त्यातून मी दोन्ही भाषांमध्ये उत्तम गप्प बसायला शिकले. माझं मराठी मुख्यतः पुस्तकांतून आलेलं आहे, त्यामुळे ते स्वच्छ आहे. फारसं वापरलेलंच नाही.

"बेटा," मोठे बाबा म्हणाले, आणि भिंतीला हात लावून जागं करावं तसा त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला. "जरासं वाचून दे बरं. तुले भाषण नाही करा लागत. हा भाऊ तुहा आवाज मशीनमध्ये टाकते. मंग मशीनच बोलते, आपण जे लिहू ते."

"मॅडमले तर हे सारं माहीत असन," डिजिटलवाला म्हणाला. "मॅडम त्याच लाइनमधल्या हायेत."

मॅडम त्याच लाइनमधल्या आहेत हे खरं होतं. मी घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करते. लोक तक्रार करायला फोन करतात, पलीकडून मशीन उत्तर देते, आणि मशीनने माफी मागितली ती पुरेशी मनापासून वाटली का, याला मी गुण देते. गुण कमी पडले की मशीनला पुन्हा शिकवतात. तक्रारीचं पुढे काय होतं ते कोणी शिकवत नाही. ते दुसऱ्या विभागाकडे असतं. घरच्यांच्या मते मी दिवसभर कम्प्युटरवर बसून राहते. वर्णन म्हणून ते माझ्या नेमणूकपत्रापेक्षा प्रामाणिक आहे.

त्याने समोर धरलेला हवामानाचा अंदाज मी वाचून दिला. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

त्यानंतर मी गावभर फिरले. स्वतः ओसरीतच होते, आवाज फिरला. ऑटोच्या टपावर दोन भोंगे, पुढे एका गाजलेल्या गाण्याच्या चालीवर पंख्याचं गुणगान, आणि मग मी, गोड, न अडखळता, कधीही श्वास न घेता: "नमस्कार! मी आपली बहीण, आपली लेक..." आयुष्यभर मी किराणा दुकानातही बोटाने दाखवून वस्तू मागितल्या आहेत. आणि आता मी मारुतीच्या देवळापासून बौद्ध विहारापर्यंत सगळ्यांना दिवसातून चारदा नमस्कार घालत होते.

पहिल्या दिवशी मी गावाला पार्किंगचं आश्वासन दिलं.

डिजिटलवाल्याने कुठल्याशा शहरातल्या वॉर्डाचा तयार मजकूर मशीनला वाचायला दिला होता. "आपल्या प्रभागातील पार्किंगचा ज्वलंत प्रश्न मी मार्गी लावेन," मी ठासून सांगत होते, आणि ऑटो तणसीच्या, भाताच्या पेंढ्याच्या, ढिगांमधून, रस्त्यात बसलेल्या म्हशींना वळसे घालत चालला होता. मला वाटलं, गाव हसेल. गावाने हसायला हवं होतं. पण प्रचार हा ऐकायचा असतो असं कोणाला वाटतच नव्हतं. दुपारी पानठेल्यावर तर एक गंभीर चर्चा झाली, ती मोठ्या बाबांनीच घरी येऊन सांगितली. "लोक म्हणतात, मुद्दा बरोबर आहे. तो मधल्या आळीतला माणूस ट्रॅक्टर कुठंबी उभा करते."

विरोधी पॅनलने तर संध्याकाळी दुप्पट पार्किंग जाहीर केलं.

माझ्याशिवाय चूक एकाच माणसाला कळली. मोठी आई त्या दिवशी सूप घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. ती तांदूळ पाखडत बोलते. हात रिकामे असले की तिला शब्द सापडत नाहीत.

"काय सांगून राहिली माय तू माह्या नावानं?"

"मी नाही. मशीन."

"आवाज तर तुहा हाय."

"हो."

"अन् नाव माहं." तिने सूप एकदा आपटलं. "मंग आपल्या दोघींतलं कोण बोलून राहिलं?"

मी हेडफोन गळ्यात घेतले. घरात कोणासाठी मी ते आपणहून काढते, असं हे एकच माणूस आहे.

मग तिने मला ते सांगितलं जे तिला सगळ्यांना सांगायचं होतं. आमच्या गावात आरोग्य उपकेंद्राची इमारत आहे. रंग दिलेला, फीत कापलेली, भिंतीवर हसरं बाळ काढलेलं. फीत कापतानाच्या फोटोत मोठे बाबाही आहेत, कात्रीपासून तिसरे. त्यानंतर दाराला कुलूप लागलं. नर्सबाई येते तेव्हा बाहेर पायरीवर बसून डोस देते, कारण आत मोठ्या बाबांच्याच पॅनलच्या एका माणसाच्या मंडपाच्या खुर्च्या, गाद्या आणि पडदे ठेवलेले आहेत. किल्ली त्याच्याकडे असते, आणि तो मंडपाच्या कामामुळे क्वचितच गावात असतो.

यंदा रोवणीत मोठ्या आईच्या सोबतची एक पोरगी बांधीतच कळा येऊन खाली बसली. बायांनी तिला उचलून उपकेंद्रापर्यंत नेलं. मोठी आई कुलूप हातात धरून हाका मारत राहिली. शेवटी तिला पिकअपमध्ये घालून तुमसरच्या दवाखान्याकडे निघाल्या आणि रस्त्यातच बाळ झालं. दोघंही वाचली.

"मले सरपंच कायले व्हायचं हाय, कोणी इचारलंच नाही," ती म्हणाली. "मले येवढंच बोलायचं हाय. तुह्या मोठ्या बाबाले म्हटलं, सभेत मी बोलतो. तं म्हणते, निवडून आल्यावर बोल. आता आपल्याच माणसाले काहून दुखवतं? मी म्हटलं, मंग निवडून आल्यावर कोणाचा माणूस होते तो?"

"मग ते काय म्हणाले?"

"च्या मांड चुलीवर, म्हणाले."

ती माझ्याकडे काही मागायला आली नव्हती. तांदूळ झाले तशी उठून गेली. मी पुन्हा हेडफोन लावले आणि मशीनच्या माफीला गुण देत बसले. त्या दिवशी मशीनला फार कमी गुण मिळाले. तिची काही चूक नव्हती.

सभा शाळेच्या पटांगणात झाली, उन्हं कलली तेव्हा. पुढे खुर्च्यांवर पुरुष, मागे सतरंजीवर बाया. महिला सरपंच निवडायची असल्यामुळे बायांसाठी सतरंजी नवी आणली होती. मंचाच्या कडेला लॅपटॉप आणि माइक सांभाळायची जबाबदारी माझ्याकडे होती, कारण डिजिटलवाल्याला मोबाइल घेऊन समोरून चित्रीकरण करायचं होतं. पाहुण्यांची भाषणं झाली. प्रत्येकाने आधी स्त्रीशक्तीला वंदन केलं आणि मग मंचावर मागे बसवलेल्या मोठ्या आईकडे पाठ करून भाषण केलं. एकाने तंत्रज्ञानाची स्तुती केली, एकाने तरुण पिढी तंत्रज्ञानाने वाया गेल्याचं सांगितलं. दोघांनीही ते मोबाइलवर बघून वाचलं.

मग मोठ्या आईला मंचावर पुढे आणून उभं केलं. नवं लुगडं, हार. डिजिटलवाला तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाला, पण माइक चालू होता म्हणून सगळ्यांनी ऐकलं, "काकू, तुम्ही फक्त ओठ हलवत राहा. आवाज मी रीलमध्ये बरोबर बसवून देतो."

सतरंजीवर कोणीतरी खुदकन हसलं. मोठी आई हसली नाही. तिने मोठ्या बाबांकडे पाहिलं. ते पुढच्या रांगेतून हाताने खूण करत होते: हात जोड, हात जोड.

त्यांनी मलाही खूण केली. मी कळ दाबली.

"नमस्कार! मी आपली बहीण, आपली लेक..." माझा आवाज पटांगणावर पसरला. पार्किंग आता काढलं होतं. मोठ्या बाबांनी मजकूर स्वतः तपासून घेतला होता. रस्ते आले, दिवाबत्ती आली. मोठी आई तोंड मिटून उभी होती. डिजिटलवाला समोरून स्वतःचे ओठ हलवून तिला दाखवत होता, लहान बाळाला घास भरवताना आपणच तोंड उघडतो ना, तसा. आणि मग मी, त्याच गोड आवाजात, श्वास न घेता म्हणाले, "आमच्या पॅनलच्या प्रयत्नांतून उभे राहिलेले आरोग्य उपकेंद्र आज चोवीस तास आपल्या सेवेत कार्यरत आहे. माता-भगिनींनो, आता तुमची काळजी आमची."

सतरंजीवरच्या बायांनी माना वर केल्या. तिसऱ्या ओळीत रोवणीतली ती पोरगी बसली होती, मांडीवर बाळ. ती मोठ्या आईकडे बघायला लागली. रागाने नाही. ऐकलं ते बरोबर ऐकलं का, असं विचारायचं असल्यासारखी. मोठी आई मात्र मंचावरच्या भोंग्याकडे वळून बघत होती, आणि तिचे जोडलेले हात सुटले होते.

गुण द्यायचे तर मी त्या वाक्याला पैकीच्या पैकी दिले असते. इतकं मनापासून वाटत होतं ते.

मी लॅपटॉप मिटला.

भोंगा थांबला आणि पटांगणात अचानक बाळांचं, कुत्र्यांचं, खुर्च्यांचं ऐकू यायला लागलं. "लाइट गेली का?" मागून कोणी विचारलं. "लाइट तं हाय," दुसरा म्हणाला. डिजिटलवाला मोबाइल खाली करून धावत आला. "हँग झाला असन, मॅडम. बंद करून चालू करा." मोठे बाबा खुर्चीतून अर्धे उठले होते, चेहऱ्यावर सभेसाठीचं हसू तसंच ठेवून. "काय झालं बेटा? लाव न लवकर. लोक बसून आहेत."

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. आवाज माझाच होता आणि गेले कितीतरी दिवस तो गावात सगळ्यात जास्त ऐकला गेलेला होता, तरी तो आता बाहेर येईल की नाही याची मला खात्री नव्हती. मी माइक उचलून मोठ्या आईपर्यंत गेले. माइक तिच्या हातात देईपर्यंत तो माझ्या तोंडाजवळ होता, म्हणून मी म्हणाले ते सतरंजीच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचलं:

"हँग नाही झाला. मी बंद केला. मोठी आई, त्या कुलुपाचं तू सांग."