चौथं क्रुमकाके

जर्मनीत, कायझर्सलाउटर्नमधले आमचे शेजारी मूळचे नॉर्वेचे, सत्तरीतले. अर्धांगाच्या झटक्यातून उठल्यावर त्यांनी मला सोबत नेऊन जंगलात शेकोटी पेटवली आणि लांब दांड्याच्या नक्षीदार साच्यात गावाकडची क्रुमकाके बिस्किटं भाजायला घेतली. पापडासारखी पातळ चकती गरम असतानाच लाकडी शंकूवर गुंडाळायची. गार झाली की तुटते. बोटं अजून चालतात का, एवढंच त्यांना बघायचं होतं. तीन तुटल्या. चौथी अर्धी वळली, तेवढ्यात माझे पुणेरी संस्कार उसळले. वडीलधारे राबतायत आणि आपण बसलोय? "काका, तुम्ही बसा हो!" म्हणत मी ती हिसकावली, झोकात गुंडाळली आणि वाकून सलाम ठोकला. काकांनी कशाबशा टाळ्या वाजवल्या. "सुरेख. आता तूच कर," म्हणाले, आणि आगीकडे पाठ करून बसले.