नानांचा मोठ्या डोक्याचा ड्रायव्हर

मी नानांचे किस्से सांगायला बसलो की आमच्या घरी चहाचं भांडं गॅसवरून खाली उतरतं. बायको म्हणते, "तासभर तं तुम्ही आता घोट घेत नाही, मंग चहा थंडा करून कायले देऊ?" बरोबर आहे तिचं! आता तुम्हीच सांगा, हे किस्से मी काही मुद्दाम जमवले नाहीत. चार रिकामी माणसं एका रिकाम्या आवारात रोज सकाळी भेटायला लागली, की किस्से आपोआप साचतात. ते सांगितले नाहीत तर माझंच पोट दुखतं.

आधी माणसं सांगतो. नाना म्हणजे बाभुळगाव रोडवरच्या, कापसातून सरकी काढायच्या जिनिंगचे मालक. मेश्राम डॉक्टर लहान मुलांचे, पण नानांचं बीपीही तेच बघतात; म्हणतात, "फारसा फरक नाही." लोखंडे साहेब पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. आणि चौथा मी, गजू, यवतमाळात स्पोर्ट्सचं दुकान. कॅरमची पावडर आणि शाळांचे व्हॉलीबॉल विकून पोट भरणारा माणूस. गोल्फची काठी मी तोवर फक्त टीव्हीवर पाहिली होती.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं. बोंडं अळीनं खाल्ली, भाव पडले, लोक सोयाबीनकडे वळले. नानांची जिनिंग दोन हंगाम बंद होती. मुलं पुण्यात. त्यांचं एकच पालुपद, "बाबा, आवार विकून टाका, प्लॉट पडतील." नाना हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. रोज ऑफिसात जाऊन फाटकाकडे तोंड करून बसायचे. त्यांना एकच आस होती, एकदा तरी मशीन चालू व्हावी. मला तर त्यांच्याकडे बघवत नसे.

डॉक्टरांनीच शेवटी फर्मावलं, "नाना, खुर्ची सोडा. आवारात चाला." नाना म्हणाले, "रिकाम्या आवारात चालून काय पाहू? गवत?" तेव्हा लोखंडे साहेबांनी नागपूरहून जुनी गोल्फची बॅग आणली, आणि ज्या आवारात कापसाच्या गंज्या लागायच्या तिथे होलसाठी खड्डे खणून आमचा खेळ सुरू झाला!

*

नानांचा बॉल उजवीकडे जायचा. नेहमी. तोंड समोर, नेम समोर, बॉल मात्र निघाला की अर्ध्यातून वळून उजव्या हाताच्या भिंतीवरून पलीकडे. पलीकडे रामराव पाटलांचं तुरीचं वावर.

लोखंडे साहेब समजावत, "नाना, मनगट सैल सोडा." डॉक्टर सांगत, "खांदा वळवा." मी सांगत असे, "डोकं हलवू नका." नाना वैतागले एकदा. "अबे, मनगट सैल, खांदा वळवा, डोकं हलवू नका... मी खेळून राह्यलो का एक्स-रे काढून राह्यलो?"

तूर सोंगायला, म्हणजे कापायला, आली त्या वर्षी रामराव पाटील टोपलं घेऊन फाटकात हजर. टोपल्यात काठोकाठ गोल्फचे बॉल!

"नाना, हे घ्या तुमचे. औंदा माह्या वावरात तुरीपेक्षा हेच जास्त निंघाले!"

*

नानांचा धंदा जुना, सवयी त्याहून जुन्या. पूर्वी कापसाच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून सौदा करायचा, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. नानांच्या वडिलांनी अख्खी हयात तसे सौदे केले.

आता गोल्फमध्ये कच्च्या खेळाडूला काही फटके माफ करतात. नानांना किती माफ करायचे यावर चर्चा सुरू झाली. नानांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, लोखंडे साहेबांचा हात धरला, वर दुपट्टा टाकला आणि बोटं दाबायला सुरुवात केली.

लोखंडे साहेब लाजून चूर! "अहो नाना, हे काय? लोक बघतायत!" पण साहेब सभ्य माणूस, हात ओढून कसा घेणार? बसले मान हलवत.

दोन मिनिटांनी नानांनी दुपट्टा उचलला आणि जाहीर केलं, "ठरलं! दर होलमागे तीन फटके माफ."

"मी कधी कबूल केलं?"

"तुम्ही हात मागं घेतला नाही साहेब. बाजारात त्याले हो म्हणते."

त्यानंतर नानांनी नाक पुसायला रुमाल काढला तरी लोखंडे साहेब दोन्ही हात खिशात घालायचे.

*

एक दिवस लोखंडे साहेबांनी निकाल दिला, "नानांची चूक नाही, ड्रायव्हरची आहे." ड्रायव्हर म्हणजे पहिला लांबचा फटका मारायची काठी. नानांच्या जुन्या काठीचं डोकं लिंबाएवढं. नवीन निघाली होती ती बॉलच्या कितीतरी पट मोठ्या डोक्याची, आतून पोकळ. साहेबांनी माझ्या दुकानात कॅरम बोर्डावर आकृती काढून अर्धा तास शिकवलं. वजन कडेला पसरलेलं असतं, म्हणून फटका बाजूला लागला तरी डोकं फिरत नाही, वगैरे वगैरे.

नाना शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "साहेब, हे सगळं सोडा. थोडक्यात सांगा."

डॉक्टर म्हणाले, "थोडक्यात म्हणजे नाना, तुम्ही चुकले तरी हा दांडा तुमच्यावर रागवत नाही. सांभाळून घेते."

नाना चमकून बघायला लागले. "सांभाळून घेते? डॉक्टर, साठ वर्षांत असं माणूस नाही भेटलं मले, अन् तुम्ही दांडा सांगून राह्यले!"

डोकं मागवलं. आलं तेव्हा नानांनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं. "बाप्पा! हे काय, याच्यात पाणी भरून वावरात न्याचं का?"

*

डोकं आलं, पण दांडा बाकी होता. मोठं डोकं असलं तरी त्याला साजेसा दांडा नसला तर काही उपयोग नाही. माणूस जोरात फिरवत असेल तर दांडा कडक हवा, हळू फिरवत असेल तर मऊ, लवचिक. नागपूरच्या ओळखीच्या दुकानदाराकडून मी तीन नमुने आणले. बघून परत करायच्या बोलीवर, हं! एक कडक, एक मधला, एक मऊ.

आता जिनिंगवाल्या माणसाला माल दिला की तो तपासतो. कापूस हातात आला की नाना दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढतात, किती लांब, किती मजबूत ते बघतात. तो हात त्यांचा आपोआप चालतो. मी कडक दांडा त्यांच्या हाती दिला. नानांनी तो दोन्ही टोकांना धरला, गुडघ्यावर ठेवला आणि...

कट्टकन!

दोन तुकडे हातात. मी डोक्याला हात लावला. "नाना! तो परत द्यायचा होता!"

नाना तुकडे बघत शांतपणे म्हणाले, "बरं झालं ना मंग. असा कच्चा माल गजू, परतच दे."

*

हसू येतं आता, पण एक गोष्ट हसायची नाही. कळंबला जाताना आम्ही एका टपरीवर चहाला थांबलो होतो. बाकावर बसलेला एक जण दुसऱ्याला म्हणाला, नानांना ऐकू जाईल अशा आवाजात, "कास्तकार मरून राह्यले अन् हे मालक लोक दांडे फिरवून राह्यले!"

नाना चहा अर्धा टाकून गाडीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून येणं बंद. आम्ही तिघं रोज आवारात जायचो आणि एकमेकांकडे बघून परत यायचो. मला त्या माणसाचा राग आला होता, आणि तो चूक नव्हता याचा जास्त राग आला होता.

लोखंडे साहेब समजूत घालायला घरी गेले. नाना म्हणाले, "खरं बोलला तो. माह्या आवारात कापूस पाह्यजे होता. म्या बॉल ठेवला."

सुमनकाकू, म्हणजे नानांच्या मिसेस, आतून पोहे घेऊन आल्या. बशी नानांपुढे आपटली. "अजी, घरात तोंड पाडून बसले तं कापूस उगवते का? उगवत असन तं मी बी बसतो तुमच्या बाजूनं! नाही तं उठा, अन् जा खेळाले. मले घर झाडाचं हाये."

दुसऱ्या दिवशी नाना सहाला आवारात!

*

उरलेल्या दोन दांड्यांपैकी मधला हवा की मऊ? आम्हाला तिघांनाही माहीत होतं की नानांना मऊ लागतो. वय झालं, हात हळू फिरतो, कडक दांड्यानं डोकं वेळेवर वळत नाही, बॉल उजवीकडे. पण मऊ दांड्यावर कंपनीनं ठळक अक्षरांत छापलेलं, 'सिनियर'. नाना ते बघून हातही लावेनात. "सिनियर बसमधे असते, सवलतीत. मी नाही."

डॉक्टरांनी डोकं लढवलं. बाळांना सलाईन लावताना चिकटवतात ती पट्टी आणून त्या अक्षरांवर गुंडाळली. मी दोन्ही दांड्यांना आळीपाळीनं डोकं लावून देणार, नानांनी फक्त मारायचं, असं ठरलं. मधल्या दांड्यानं बॉल गेला तुरीत. मग मऊ दांडा हातात दिला. नानांनी पट्टीकडे पाहिलं. "याले काहून लागलं?"

"ग्रीप आहे, नाना," डॉक्टर म्हणाले.

"एवढी खाली?"

तेवढ्यात सुमनकाकू डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, "आणा इकडं, पाहू द्या मले बी." पदर खोचला, चपला काढल्या, आणि धान्य पाखडायच्या सहजतेनं फिरवला दांडा. बॉल सरळ! समोरच्या गोदामाच्या दारापर्यंत!

नाना म्हणाले, "चुकून लागला."

काकूंनी दुसरा बॉल ठेवला. तोही सरळ. मग दांडा नानांच्या हातात देत म्हणाल्या, "दांडा चांगला हाये. आपल्या अंगात आता जेवढा जोर हाये ना, तेवढाच दांडा घ्यावा माणसानं. अन् ती पट्टी काढा, सिनियर लिवलं हाये ते मले वाचता येते!"

नाना तीन दिवस हट्टानं जुन्याच काठीनं खेळले. चौथ्या दिवशी दुकानात आले, इकडे तिकडे बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाले, "गजू, तो मऊवालाच पक्का चिकटव."

*

आणि आता तो दिवस. दिवाळी होऊन गेलेली. मुलांनी पुण्याहून फोनवर सगळं जुळवलं होतं. नागपूरचे एक प्लॉटवाले शेठ आवार बघायला आणि टोकन द्यायला येणार होते. नाना शेवटी हो म्हणाले होते. आम्हाला सांगताना एवढंच बोलले, "या सकाळी. एक डाव खेळून घेऊ."

आम्ही चौघं लवकरच पोचलो. नानांनी नवा ड्रायव्हर आणला होता, दांडा चिकटून चांगला वाळला होता. सराव म्हणून नाना बॉलमागून बॉल मारत होते. मोठं पोकळ डोकं, त्यामुळे प्रत्येक फटक्याला ठण्ण असा आवाज, आणि रिकाम्या टिनाच्या शेडमध्ये तो घुमायचा. बॉल मात्र अजून थोडा थोडा उजवीकडेच.

शेठ आले. पांढरी मोठी गाडी. फाटकातून आत आल्यावर लगेच जमिनीलगत सपाट, स्वच्छ लोखंडी जागा दिसली तिथेच गाडी लावली. उतरून आमच्यात येऊन उभे राहिले आणि हातानं दाखवायला लागले, "मधून तीस फुटी रोड. इकडे कॉर्नर प्लॉट. ते शेड पाडावं लागेल."

नानांनी बॉल ठेवला. मला त्यांच्या मानेची शीर दिसत होती. डॉक्टर हळूच म्हणाले, "नाना, आरामात."

ठण्ण!

राजेहो, काय सांगू! सरळ! उजवीकडे बोटभर नाही. गोदामावरून, मागच्या भिंतीवरून, थेट पलीकडे! लोखंडे साहेबांनी चक्क शिट्टी मारली. डॉक्टरांनी मला मिठी मारली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, उगाच नाही सांगत.

नाना बॉलकडे बघत नव्हते. फाटकाकडे बघत होते.

फाटकात शेख चाचा, जिनिंगचे जुने चौकीदार, एका ट्रॅक्टरवाल्याशी भांडत होते. ट्रॉली कापसानं भरलेली, वर ताडपत्री. चाचा ओरडले, "मालक, मैं बोल रहा हूँ जिनिंग बंद है, ये आयकतच नाही!"

ट्रॅक्टरवाला उतरून पुढे आला. टोपी काढली. "राम राम मालक. रस्त्यानं जाऊन राह्यलो होतो, आतून ठणठण आयकू आली. म्हटलं मिस्त्री मशीन दुरुस्त करून राह्यला, म्हणजे जिनिंग चालू होऊन राह्यली. घेता का कापूस?"

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. नाना दांडा हातात घेऊनच ट्रॉलीजवळ गेले. ताडपत्री उचलली, मूठभर कापूस काढला. दोन्ही अंगठ्यांत धरला आणि ओढला. परत ओढला.

"चाचा," नाना म्हणाले, "शेडचं कुलूप काढा. अन् जुन्या मिस्त्रीले फोन लावा, म्हणा मशीनले तेल द्याचं हाये."

डॉक्टर त्यांच्याजवळ गेले. "नाना, एका ट्रॉलीवर जिनिंग चालते का?"

नानांनी दांडा डॉक्टरांच्या हातात दिला आणि बाह्या वर केल्या.

शेठ घड्याळ बघत मागून आले. "नाना, मग आपलं टोकनचं उरकून घेऊ ना? मला नागपूरला परत जायचंय."

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या पांढऱ्या गाडीकडे.

"शेठ, तुमची गाडी वजनकाट्यावर उभी हाये. तेवढी बाजूले घ्या. कापूस मोजाचा हाये."