भिशीचं गाऱ्हाणं

त्या वर्षी मी रोज संध्याकाळी देवळात जात असे आणि आमच्या घाटकोपरच्या चाळीत भाविक माणूस म्हणून माझी ख्याती झाली होती. शेजारची माणसं आपल्या मुलांना माझं उदाहरण देत. खरं कारण फक्त मला आणि देवाला ठाऊक होतं. मी तिथे लपायला जात होतो.

सगळं सुरू झालं रंगीत टीव्हीपासून. आमच्या चाळीत बारा घरांची भिशी होती. प्रत्येकानं महिन्याला ठरलेली रक्कम भरायची आणि ज्याचा नंबर असेल त्यानं ती सगळी उचलायची. ज्यानं आधी उचलली, त्यानं पुढे वर्षभर न चुकता भरायचं, एवढाच काय तो नियम. कागद नाही, सही नाही. भिशी सांभाळायच्या सुलभावहिनी. नवरा गेल्यावर शिलाई मशीनवर संसार ओढणारी बाई. त्यांनी स्वतःसाठी शेवटचा नंबर मागून घेतला होता, कारण त्यांच्या मंदाचं लग्न वैशाखात करायचं होतं. मी पहिला नंबर मागून घेतला, कारण मला थांबवत नव्हतं.

टीव्ही आला. बायकोनं त्याच्यावर क्रोशाचं झाकण विणलं. रविवारी सिनेमाला अर्धी चाळ आमच्या खोलीत बसे आणि मी आवाज कमीजास्त करत यजमानासारखा मिरवत असे. मग कंपनीतला ओव्हरटाइम बंद झाला. भिशी भरायला मी कंपनीतल्या एकाकडून उसने घेतले, त्याचे फेडायला दुसऱ्याकडून. माझी अक्कल अशी की कर्जाची टोपी फिरवली म्हणजे कर्ज फिटलं. शेवटी उसने देणारे संपले आणि भिशीचे तीन हप्ते थकले.

वहिनींचं मशीन चाळीच्या तोंडाशी, त्यांच्या खिडकीत. सहा ते आठ त्या तिथेच शिवत बसायच्या. आठ वाजता मशीन मिटून स्वयंपाकाला उठायच्या. म्हणून मी सहाला कामावरून सुटलो की थेट टेकडीवरच्या देवळात. आमच्या कोकणातल्या माणसांनी गावच्या देवाच्या नावानं बांधलेलं ते लहानसं देऊळ. आठ वाजून गेले की कपाळाला अंगारा लावून मी भक्तासारखा घरी. बायको ताट वाढताना म्हणायची, "देव पावला की बरा घरी धाडतो हो तुम्हाला, अगदी वेळेवर." तिला सगळं कळत होतं, असं मला आता वाटतं.

फाल्गुन लागला तसा माझा धीर सुटला. मी हप्ते भरले नाहीत तर शेवटचा नंबर उचलताना वहिनींच्याच हातात कमी पैसे येणार होते, म्हणजे मंदाचं लग्न माझ्या टीव्हीपायी अडणार होतं. स्टेशनाजवळचा एक सावकार मोठी रक्कम द्यायला तयार होता. व्याज मी दोनदा विचारून घेतलं, दोन्हीदा तेच निघालं. तेव्हा मी ठरवलं, देवालाच विचारू. देव हो म्हणाला की उद्या बुडालो तरी जबाबदारी विभागली जाईल.

रविवारी सकाळी लवकर गेलो. देवळातले गुरव दाजी आमच्याच गावाकडचे. मूर्तीच्या डाव्या-उजव्या अंगाला भिजवलेल्या पाकळ्या चिकटवून ते कौल लावत. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. मी त्यांच्या कानाशी लागून सगळं सांगितलं, कुणाचं नाव न घेता. एक गोष्ट मात्र मी साफ विसरलो होतो. कौलाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात आणि आमच्याकडे गाऱ्हाणं कुजबुजून घालत नाहीत.

दाजींचा आवाज म्हणजे दर्यावर हाक मारावी तसा. "बा देवा म्हाराजा, आज ह्यां तुझां लेकरू तुझ्या पायाकडे इला हा. भिशीचो पयलो नंबर उचलून ह्येना रंगीत टीवी घेतल्यान. आता भरूक जमणा नाय. एका चेडवाचा लगीन ह्येच्यावर अडला हा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," रिवाजाप्रमाणे मागून आठदहा आवाज उठले. मला वाटलं होतं देवळात कुणी नाही. त्या आवाजांत एक बाईचा आवाज होता, आणि तो मी रोज चुकवत होतो.

मान वळवायची छाती झाली नाही. दाजींनी विचारलं, दुसरं रीण काढून पहिलं फेडू दे काय? डावी पाकळी पडली. मी शब्द बदलून पुन्हा विचारायला लावलं. पुन्हा डावी. मग दाजींनी मला न विचारताच तिसरा प्रश्न घातला, घरातली वस्तू विकून मोकळा होऊ दे काय? मागचे सगळे व्हय म्हणाले. पाकळी हलेना. बराच वेळ गेला. दाजी माझ्याकडे वळले.

"सगळे व्हय म्हणतत. तुझा तोंड खंय गेला?"

मी म्हणालो, "व्हय म्हाराजा." उजवी पाकळी पडली. वर पंखा चालू होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तो आधीपासूनच चालू होता.

मागे वळलो तर सुलभावहिनी उभ्या होत्या. हातात कुंकवाची बोटं लावलेली मंदाच्या लग्नाची पत्रिका, पहिली देवापुढे ठेवायला आणलेली. मी काहीतरी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, "भावोजी, मी कधी दार वाजवलं तुमचं? खिडकीतून रोज देवळाची टेकडी चढताना दिसायचात. म्हटलं, माणूस देवाशी बोलतोय, मध्ये कशाला पडा." मग कळलं, तीन महिने माझा हप्ता त्या रात्र रात्र शिवून स्वतःच घालत होत्या आणि कुणाला चकार शब्द बोलल्या नव्हत्या. मी लपत होतो, त्या मला झाकत होत्या.

पायऱ्यांवर एका अनोळखी गृहस्थांनी मला गाठलं. कांदिवलीहून कुणाकडे तरी आलेले. "टीव्हीची पेटी आणि पावती ठेवलीय का हो?" ठेवली होती, माळ्यावर, थर्माकोलसकट. दुपारी ते रोख पैसे मोजून टॅक्सीतून टीव्ही घेऊन गेले. थकलेले हप्ते, पुढचे हप्ते, कंपनीतले उसने, सगळं त्यात बसलं. उरलं ते एवढंच, बायकोनं काढून घेतलेलं क्रोशाचं झाकण. ते कोण होते, दाजींनाही माहीत नव्हतं. मी शोधही घेतला नाही.

मंदाचं लग्न वैशाखात झालं. मी पंगतीत वाढायला होतो. त्यानंतर आमच्या घरी वस्तू आल्या त्या पैसे साठल्यावर, म्हणजे उशिरा आल्या, काही आल्याच नाहीत. क्रोशाचं झाकण बरीच वर्षं रिकाम्या स्टुलावर होतं. संध्याकाळी मी वहिनींच्या खिडकीसमोरून सरळ घरी यायचो आणि त्या मशीनवरून मान वर करून म्हणायच्या, "आज देव सुट्टीवर वाटतं?"

देवाला मी त्या दिवसांत पुष्कळ काही मागितलं होतं. त्यानं फक्त माझं खरं मोठ्यानं बोलून दाखवलं आणि माझ्या होकाराची वाट पाहिली. आता रविवारी देवळात जातो ते मागच्या रांगेत उभा राहायला. कुणाचंही गाऱ्हाणं असो, दाजी थांबले की मी सगळ्यांच्या आधी म्हणतो, व्हय म्हाराजा.